कोरडी, वापरात नाही

जमीन मोजताना यंत्राला नुसता बिंदू दाखवून भागत नाही, तो कशाचा आहे हेही सांगावं लागतं. विहिरीला एक कोड, झाडाला दुसरा, विजेच्या खांबाला तिसरा. शिवाय कोडाला माहिती जोडायची: झाड कसलं, विहिरीला पाणी आहे का. कुपवाडच्या राजवर्धनला सगळे कोड तोंडपाठ होते आणि त्याचा त्याला जरा जास्तच तोरा होता. त्याच्या यंत्रात एक सोयही होती. एका विहिरीची माहिती भरली की पुढच्या विहिरीला तीच आपोआप लागायची. वेगळी असेल तर आपण बदलायची. घाईच्या माणसाला अशा सोयी फार आवडतात.

जतकडच्या रस्ता रुंदीकरणाची मोजणी त्यानंच केली होती. वस्तीवरचा जोतीराम तेव्हा त्याला वाट दाखवत फिरला होता. आज सकाळी त्याचाच फोन आला.

"साहेब, गायरानातली आमची हीर बुजवाय लागल्यात. कागदाव कोरडी हाय म्हनं. मी त्याच रस्त्याच्या ठेकेदाराचा टिपर चालवतोय, तवा आईला वाटतंय मीच तसं लिवाय लावलं. बोलंना झालीया माझ्यासंगं."

राजवर्धननं फाइल उघडली. रस्त्याकडेची पडकी विहीर: कोरडी, वापरात नाही. ते खरंच होतं. तिच्यापुढची, वस्तीची विहीर: कोरडी, वापरात नाही. यंत्रानं मागची माहिती पुढं आणली होती आणि यानं ती बदललीच नव्हती.

ऑफिसचे मालक जवाहरशेठ सगळं ऐकून म्हणाले, "दुरुस्ती मी आत्ताच पाठवतो. तू मात्र तिकडं जाऊन तोंड उघडू नकोस. सगळं आपल्यावर शेकेल."

दुपारपर्यंत राजवर्धन ऑफिसातच बसून राहिला. डबा उघडला, पण न जेवताच मिटला. आपल्यापायी एका आईनं पोराशी अबोला धरलाय, आणि आपण इथं पंख्याखाली बसलोय, याची त्याला लाज वाटली. शेवटी त्यानं गाडीला किक मारली.

तो पोचला तेव्हा दुरुस्तीचा काही उपयोग उरला नव्हता. विहीर काठोकाठ मुरमानं भरली होती. बायका लांबून कळशा आणत होत्या. जोतीरामची आई रंगुबाई दारात बसली होती, आणि जोतीराम बाहेर मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीपाशी उभा होता.

"मावशी, चूक माझी आहे," राजवर्धन म्हणाला. "जोतीरामनं काही सांगितलं नव्हतं. विहीर कोरडी म्हणून मीच नोंदवली."

रंगुबाईनं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं.

"तुमी लय चांगलं हायसा. पर माझ्या पोराला पाठीशी घालू नगासा. त्या दिशी तुमी काठाव बसून पोटभर पानी प्यालासा. मीच वतलं कळशीनं. पानी प्यालेला मानूस हीर कोरडी कशी लिवंल?"

राजवर्धन यंत्राचं सांगू लागला. सोय, मागची माहिती, आपोआप. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऱ्हाऊ द्या साहेब," जोतीराम खाली मान घालून म्हणाला. "तिला न्हाई पटायचं."

रंगुबाई उठून आत गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन बाहेर आली. कप एकच होता, आणि तो तिनं राजवर्धनच्या हातात दिला.