परीचा पाव

"हा माझा नाही," मिसेस गॅरड म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून त्या बसल्या होत्या आणि दोन्ही हातांत तो दगड धरून त्याच्या माथ्यावरून अंगठा फिरवत होत्या. मी शेजारच्या खुर्चीत, टोपी मांडीवर घेऊन, शाबासकीची वाट बघत बसलो होतो. खोटं कशाला सांगू, शाबासकीच हवी होती मला.

"तुमचाच आहे," मी म्हणालो. "नीट बघा तरी."

"बघायला डोळे कुठे उरलेत, पोरा? पण हाताला कळतं ना. माझा गुळगुळीत आहे. ह्याच्या अंगावर तर पुरळ उठल्यासारखं लागतंय."

इंग्लंडातल्या आमच्या सफोक परगण्यातली म्हातारी माणसं कुणालाही पोरा म्हणतात. मी एकसष्ट वर्षांचा आहे. गावातल्या निम्म्या कवळ्या माझ्या हातच्या आहेत, मिसेस गॅरड यांचीसुद्धा. ती त्यांना पहिल्या दिवसापासून टोचते, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, "अरेच्चा! घाईघाईत माझ्याच कपाटातला उचलून आणला वाटतं. तुमचा घरी असेल, चुलीपाशी."

"मग ठीक आहे." त्यांनी दगड मला परत दिला. "पण शुक्रवारी आठवणीनं आण हं. पुढच्या महिन्यात मुलगी मला त्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. चूल काही नेता येत नाही. तेवढा एक पाव न्यायचाय बरोबर."

मी हो म्हणालो आणि दगड कोटाच्या खिशात घालून बाहेर पडलो. तो त्यांचाच होता.

हा काय प्रकार आहे ते सांगतो. आमच्याकडे शेत नांगरलं की मातीतून गारगोट्या वर येतात, आणि हजारात एखादी पावासारखी निघते, वर फुगीर आणि खाली सपाट. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी राहणाऱ्या अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याचं कवच गारगोटीत उतरलेलं असतं. माथ्यापासून पाच बाजूंना बारीक ठिपक्यांच्या दुहेरी ओळी उतरतात, चांदणी काढावी तशा. जुनी माणसं त्याला परीचा पाव म्हणतात. तो चुलीच्या कट्ट्यावर ठेवला की घरात पाव कधी कमी पडत नाही, असा समज आहे.

माझ्याकडे असे दोनशे चौदा आहेत. नांगरणी झाली की मी मान खाली घालून शेतं तुडवतो आणि कुंपणापलीकडून लोक ओरडतात, "काय हरवलंय, मॉरिस? दात?" पण खरी मजा शोधण्यात नाही, साफ करण्यात आहे. दात कोरायच्या आकड्या मला कामामुळे मिळतातच. एकेक ठिपका मोकळा करायचा, ब्रश मारायचा, पुन्हा भिंगातून बघायचं. बायको होती तेव्हा म्हणायची, "माझ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नाहीस."

मिसेस गॅरड यांचा पाव मात्र काळाकुळकुळीत होता. गंज चढू नये म्हणून दर शुक्रवारी त्या लोखंडी चुलीला काळं पॉलिश करायच्या आणि शेवटी त्याच फडक्यानं पाव घासायच्या. त्यांच्या आधी त्यांची आई घासायची, आणि तिच्या आधी आजी. वीस वर्षं मी त्या चुलीसमोर चहा प्यायलो आणि वीस वर्षं माझी बोटं शिवशिवली. त्या काळ्याच्या खाली चांदणी असणार, हे मला माहीत होतं. एकदा न राहवून विचारलंही होतं, "साफ करून देऊ का?"

त्या हसल्या होत्या. "साफच आहे की रे! दर शुक्रवारी करते."

म्हणजे मला नाही म्हटलं गेलं होतं. मला कळत नव्हतं असं नाही.

ऑक्टोबरात त्या अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. किल्ली माझ्याकडे दिली. मांजराला खायला घाल आणि जमलं तर शुक्रवारी चुलीवर हात फिरव, एवढंच सांगितलं. चुलीवर हात फिरवायचं राहिलं. पहिल्याच दिवशी मी पाव उचलून घरी आणला. मनाला समजावलं, म्हातारी खूश होईल.

तीन संध्याकाळी लागल्या. पॉलिश काढायच्या तेलात भिजवला, पितळी ब्रशनं घासला, मग आकडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यातून काळं खरवडून काढलं. तीन तसराळी काळं पाणी मी मोरीत ओतलं. आणि आतून असा देखणा नग निघाला की माझ्या दोनशे चौदात त्याच्या जवळ जाईल असा एकही नाही. तो मी असे दगड जमवणाऱ्यांच्या आमच्या मंडळाच्या बैठकीत नेऊन मांडला. समोर चिठ्ठी ठेवली: 'चुलीची काजळी काढून स्वच्छ केला. मॉ. कॅटरमोल.' नेव्हिल पास्क एरवी कुणाचं चांगलं बोलत नाही. तोही भिंग खाली ठेवून म्हणाला, "हात आहे बुवा तुझा!" मी दोन दिवस हवेत होतो.

तीन पिढ्यांच्या पॉलिशला काजळी, असं लिहिलं होतं मी.

हॉस्पिटलातून परत आणलेला दगड घेऊन शुक्रवारी सकाळी मिसेस गॅरड यांच्या घरी गेलो. चुलीशेजारच्या कपाटात पॉलिशचा चपटा डबा सापडला आणि एक ब्रश, एकाच बाजूनं झिजलेला. तिथेच फरशीवर बसून मी दगडाला काळं फासायला घेतलं. फासलं, वाळू दिलं, घासलं, पुन्हा फासलं. दोन वाजेपर्यंत हेच चाललं होतं. दगड काळा झाला, चकाकलाही. पण अंगठा फिरवला की ठिपके लागायचेच. एकही ठिपका मी बुजलेला सोडला नव्हता, इतकं चोख काम झालं होतं. माझ्या कामाची मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. कवळी टोचते हे कळलं तेव्हासुद्धा नाही.

तरीही तो घेऊन हॉस्पिटलात गेलो. लबाडी खपेल अशी आशा होती, दुसरं काय.

त्यांनी दगड हातात घेतला, अंगठा फिरवला, मग नाकाशी नेला.

"पॉलिश आजचं आहे," त्या म्हणाल्या.

मी काळी बोटं टोपीखाली लपवली.

"मॉरिस."

"तुमचाच आहे," मी म्हणालो. "परवाचाही तुमचाच होता. मी साफ केला. सगळं काढून टाकलं. चुकलो मी, मिसेस गॅरड."

त्यांनी दगड उलटा केला आणि खालची सपाट बाजू चाचपली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

"किती दिवस लागले?"

"तीन संध्याकाळी."

"हं. आजी लग्न होऊन आली तेव्हापासूनचं होतं ते." पुन्हा अंगठा फिरला. "इथे, माथ्यावर, एक खळगा होता. आईच्या अंगठ्याचा. तिथेच दाबून धरायची ती. मी लहान असताना माझा अंगठा त्यात अख्खा मावायचा."

तो खळगा मी बघितला होता. भिंगातून बघितला होता आणि तिथे थर जाड आहे म्हणून सुरुवात तिथूनच केली होती. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही, आणि आजवर कुणालाच नाही.

"तू मला एकदा विचारलं होतंस ना रे?"

"हो."

"आणि मी नको म्हटलं होतं."

"हो."

"बरं." त्यांनी मान हलवली. "आत काय निघालं?"

"चांदणी. पाच पाकळ्यांची."

"चांगली आहे?"

"फार चांगली आहे," मी म्हणालो. ते खरं होतं आणि म्हणूनच मला खाली बघावं लागलं.

तेवढ्यात नर्स चहा आणि लोणी लावलेला पाव घेऊन आली. लालबुंद गालांची, हसतमुख मुलगी. "अगंबाई, हाच का तो? ज्याच्या गोष्टी आम्ही महिनाभर ऐकतोय?"

आता त्या सांगणार, आणि सांगायलाच हवं, असं मनाशी म्हणालो.

"छे गं," मिसेस गॅरड म्हणाल्या. "हा मॉरिसच्या संग्रहातला. मला दाखवायला आणलाय त्यानं. सगळे स्वतः साफ करतो तो. हात फार चांगला आहे त्याचा."

"हो का? आणि तुमचा?"

"माझा घरी आहे. चुलीपाशी."

त्यांनी दगड चाचपडत माझ्या ओंजळीत ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली, आणि बशी पुढे ओढून पाव खायला घेतला. हाताला लागलेलं काळं पावाच्या पांढऱ्या कडेवर उमटलं. त्यांना ते दिसत नव्हतं. मीही बोललो नाही.

परतताना मांजराला खायला घालायला त्यांच्या घरी थांबलो. उजेड होता अजून. डबा आणि ब्रश फरशीवर तसेच पडले होते. शुक्रवार होता, म्हणून कोट काढला आणि चूल पॉलिश करायला घेतली. दारं, कड्या, पाय, सगळं झालं. मग कट्टा. कट्टाही वर्षानुवर्षांच्या फडक्यांनी काळा झालेला, फक्त एका कोपऱ्यात तळहाताएवढी गोल जागा कट्ट्याच्या दगडाच्या मूळ रंगाची राहिली होती, जिथे पाव असायचा.

खिशातला दगड मी बाहेर काढला नाही. ब्रश घेतला, आणि ती जागा सोडून बाकीचा कट्टा कडेकडेनं घासत राहिलो.