पंच्याऐंशीच्या वर, छत्तीसच्या आत

माणसाला हाकलायचं असेल तर तोंडावर नको म्हणू नये, अट घालावी. आणि अटही अशी घालावी की एक टोक पकडायला जावं तर दुसरं हातातून सुटावं. रतन सावंतला ही विद्या चांगली अवगत होती. घाटकोपरच्या भटवाडीतल्या वाघजाई गोविंदा पथकाला तो वीस वर्षं थर लावायला शिकवत होता. माणसं कशी लावायची याइतकंच ती कशी काढायची हेही त्याला ठाऊक होतं.

गेल्या गोपाळकाल्याला मुलुंडच्या एका हंडीखाली पथकाचे सात थर कोसळले. सगळ्यात वर निहार होता, वीस वर्षांचा, सडसडीत, जयवंत परबच्या शेजारच्या खोलीत राहणारा. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. लोक त्याला उचलून बाजूला घेतात न घेतात तोच रतन ओरडला, "जयवंत बसला! ढेरी घेऊन उभा राहतो आणि ऐन वेळेला बसतो!"

जयवंत बसला नव्हता. खालच्या थरात माणसं गोल करून उभी राहतात, तोंडं आत, पाठी बाहेर, हात एकमेकांच्या खांद्यांवर. तिथे शेजाऱ्याचा श्वास चुकला तरी कळतो. जयवंतच्या डाव्या हाताला रतन होता. रतनचा गुडघा आधी थरथरला, मग गेला, आणि त्याच्यामागून सगळंच गेलं. जयवंतने हे सांगितलं. पण सांगणाऱ्याचं वजन होतं एक्क्याण्णव किलो आणि कंबर बेचाळीस, आणि ज्याच्याबद्दल सांगायचं तो सगळ्यांचा रतनदादा. लोकांनी एकदा रतनच्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा जयवंतच्या पोटाकडे पाहिलं आणि निकाल लावला. वर चोराच्या उलट्या बोंबा म्हणून हसलेही.

निहारच्या आईने, जानकीकाकूने, जयवंतला हॉस्पिटलच्या जिन्यातच अडवलं. "तू वर येऊ नको. तुझ्या खांद्यावर भरवसा ठेवला म्हणून माझं पोर पडलं." जयवंत शहाळ्यांची पिशवी घेऊन तसाच परत आला.

पथकाचा एकच नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता: खालचा माणूस सोडत नाही. वरून कोणी कानावर पाय देवो, पाठीला पेटका येवो, तो सोडत नाही. जयवंतचे वडील काशीराम गिरणी बंद पडल्यावरही दहा वर्षं खालच्या थरात उभे राहिले. घरात दुसरं काही मिरवायला नव्हतं, तेव्हा त्यांनी हेच मिरवलं. आणि आता त्यांचा मुलगा साऱ्या भटवाडीत 'सोडणारा' ठरला होता. जयवंतला ते जेवताना आठवायचं, आंघोळ करताना आठवायचं. त्याला पथकातली जागा हवी होतीच, पण त्याहून जास्त हवं होतं ते नाव. रतनच्या तोंडून, सगळ्यांसमोर.

दिवाळीनंतर पथकाची बैठक झाली. रतनने घसा साफ केला.

"खालच्या थराला वजन लागतं. पंच्याऐंशी किलोच्या खाली कोणी उभा राहणार नाही. आणि ढेरीवालाही नको. कंबर छत्तीसच्या आत. श्रावणात सगळ्यांचं माप घेणार."

लोक खाली मान घालून हसले, कारण अट सगळ्यांना होती पण अंगावर एकाच्याच बसत होती. ढेरी उतरवायची तर वजन उतरणार, वजन राखायचं तर ढेरी राहणार.

"काय रे, जमेल ना?" रतनने विचारलं.

"जमेल, रतन," जयवंत म्हणाला. नावापुढचा 'दादा' गळला होता. ते सगळ्यांनी ऐकलं.

आता जमेल म्हणायला काय जातं, उचलली जीभ लावली टाळ्याला. अंधेरीच्या एका ऑफिसच्या तळघरात कॅमेऱ्यांचे पडदे बघत बारा तास खुर्चीत बसणारा हा माणूस. त्याने पहिले तीन आठवडे उपाशी राहून काढले. संध्याकाळी नुसती काकडी. पाच किलो उतरले, कंबर जेमतेम इंचभर, आणि पाण्याची कळशी उचलताना हात कापायला लागले. मग त्याची वाट लागली हे त्याचं त्यालाच कळलं आणि तो भीमराजकडे गेला.

भीमराज कांबळेची व्यायामशाळा नाल्याच्या अंगाला, पत्र्याखाली. एकही यंत्र नाही. लोखंडी दांडे, वजनाच्या चकत्या आणि भीमराजचं तोंड.

"उपाशी राहून काय झालं माहितीय? चरबी राहिली घरात आणि भाडेकरू गेले," भीमराज म्हणाला. "मांस झडलं तुझं. येडा आहेस का?"

"मला चरबी घालवायचीय आणि वजन ठेवायचंय."

"म्हणजे चरबी जाईल तिथे मांस भरायचं. दोन्ही एका वेळेला. अंगात कसलेल्या माणसाला हे जड जातं. तुझ्यासारख्या सुटलेल्याला जमतं, कारण तुझ्याकडे बिघडायला काही उरलेलंच नाही." तो हसला नाही. "भूक लागते त्याच्या जरा कमी खा. पण त्यात डाळ, अंडी, मासे पोटभर. भात अर्धा. लोखंड जड उचल. सात तास झोप. आणि काट्यावर रोज उभा राहिलास तर हाकलून देईन."

"मग कळणार कसं?"

"चड्डीची नाडी सांगेल."

चेतनाने, जयवंतच्या बायकोने, त्याची वेगळी डाळ, वेगळी अंडी आणि मोजून घेतलेला बांगडा आठ दिवस पाहिला आणि नवव्या दिवशी पळी आपटली. "इथे मी काय खानावळ उघडलीय? एका गुडघ्यापायी माझं स्वयंपाकघर वेठीला!"

"गुडघ्यापायी नाही. नावापायी."

"नाव तुमचं, भांडी माझी." तरी डाळ रोज मिळत राहिली. चेतना भांडायची, पण उपाशी ठेवायची नाही.

जयवंत ऑफिस सुटलं की खांद्यावर दांडा घेऊन बसायचा आणि उठायचा. उठताना डोळ्यांपुढे रतनचं तोंड आणायचा. प्रेमाने माणूस डोंगर चढतो म्हणतात. हा रागाने चढला. होळीला काटा पुन्हा वर सरकला, आणि पँट मात्र खाली. मे महिन्यात चेतनाने त्याच्या पट्ट्याला तापलेल्या सुरीने दोन नवी भोकं पाडली. भीमराजने एकदा मागून पाहून फक्त एवढंच म्हटलं, "झकास. पाय आले." जयवंतला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही. त्याबद्दलही त्याने दुसऱ्या दिवशी भीमराजची बोलणी खाल्ली.

खरी मेख श्रावणाची. रतनने माप श्रावणात ठेवलं ते उगाच नव्हे. परबांच्या घरात श्रावणभर अंडं नाही, मासा नाही, आणि सोमवारी उपास. "बाहेर खाऊन ये, कोण बघतंय," भीमराज म्हणाला. पण ज्या पथकात देवाच्या पाया पडून थर लागतो त्यात चोरून अंडी खाऊन उभं राहणं जयवंतला नको होतं. रतनला बोट दाखवायला तेवढंच मिळालं असतं. त्याने कुळीथ खाल्ले. कुळथाची पिठी, कुळथाची उसळ, सोबतीला पनीर आणि दही. उपासाला साबुदाणा बाजूला सारून त्याने शेंगदाणे आणि दूध घेतलं. दोन आठवड्यांनी कुळथाचा वास आला तरी चेतना खिडकी उघडायची.

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सगळे जमले. रतनने माप घ्यायला भंगारवाल्याचा काटा आणला होता, लोखंडी, चाकांचा, ज्याच्यावर जुने पंखे आणि मोडकी कपाटं तोलतात. अपमान करायचा तर सामानासकट करावा, असा त्याचा स्वभाव.

जयवंत काट्यावर चढला. सुबोध, जो जयवंतच्या उजव्या हाताला उभा राहायचा, वाकून आकडा वाचायला लागला. "शहाऐंशी... शहाऐंशी किलो चारशे!"

"पाणी पिऊन आलाय," रतन म्हणाला. "अर्धा तास बसवा. मुतून येऊ दे."

अर्ध्या तासाने पुन्हा चढवलं. शहाऐंशी. मग कोपऱ्यावरच्या शिंप्याकडची टेप कंबरेभोवती फिरली. साडेपस्तीस. कोणीतरी शिट्टी मारली. रतनने टेप स्वतःच्या हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि गळ्यात टाकून म्हणाला, "चला, थर लावा. आकड्याने हंडी फुटत नाही."

एवढंच. गेल्या वर्षीबद्दल एक अक्षर नाही. नऊ महिन्यांचा राग जयवंतच्या छातीत तसाच राहिला. उलट आता त्याला पाय फुटले होते.

गोल झाला. जयवंतने हट्टाने जुनी जागा घेतली, रतन डाव्या हाताला. थर चढवायचा-उतरवायचा इशारा देणारा प्रीतम बाहेर शिट्टी घेऊन उभा. दुसरा थर चढला, तिसरा चढला. जयवंतच्या खांद्यावर पाय आले आणि त्याला कळलं की पूर्वी जो भार कंबरेत जाऊन दुखायचा तो आता मांड्यांतून सरळ जमिनीत उतरतोय. त्याला फार बरं वाटलं. चौथा. पाचवा. शेवटी निहार चढायला लागला, हाड जुळून आल्यावर पहिल्यांदाच. खाली गाद्या होत्या, त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. कडेला जानकीकाकू तोंडाला पदर लावून उभी होती.

तेवढ्यात डावीकडून ती थरथर आली. जयवंतने ती ओळखली, वर्षभर तीच तर झोपेत येत होती. रतनचा गुडघा निघाला होता. जयवंतने क्षणात खांदा रतनच्या काखेखाली घातला आणि त्याचा अर्धा भार स्वतःवर घेतला. सहा थर सावरले. बाहेर कोणाला पत्ताही लागला नाही.

रतनचं डोकं त्याच्या डोक्याला टेकलं होतं. घाम गळत होता. "धर," रतन पुटपुटला. "धर रे."

जयवंतने धरलं होतंच. आणि धरलेलं असतानाच तो म्हणाला, "सांग सगळ्यांना. गेल्या वर्षी कोणाचा गुडघा गेला ते."

"आत्ता? वर पोर आहे!"

"म्हणूनच. ओरडून सांग. नाहीतर सोडतो."

"जयवंत..."

"तीन मोजतो. एक."

गोलाच्या आत बारा डोकी एकमेकांना लागून होती. तिथलं काही कोणाचं खासगी नसतं. उजवीकडच्या सुबोधने सगळं ऐकलं.

"दोन."

"माझा गुडघा गेला होता!" रतन ओरडला. "गेल्या वर्षी माझा गेला! जयवंतचा नाही! जयवंतने सोडलं नव्हतं!"

प्रीतमने शिट्टी वाजवली, थर एकेक करून उतरले, कोणी घसरलं नाही. रतन गुडघा धरून जमिनीवर बसला आणि रडायला लागला. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या सगळ्यांसमोर रडत होता आणि जयवंतला त्याची जराही दया आली नाही. त्याने मान वर केली. जानकीकाकू त्याच्याकडेच बघत होती, वर्षात पहिल्यांदा. तिचे डोळे भरले होते. जयवंतच्या मनात आलं, झालं, मिळालं.

तोवर सुबोध निहारच्या कानाशी लागला होता. सुबोध बोलत होता आणि निहारच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता. निहार हेल्मेट काढून जयवंतपुढे येऊन उभा राहिला.

"तू तीन मोजत होतास, जयवंतदादा?"

"सोडलं नसतं रे. आईशपथ. नुसतं त्याला बोलायला लावलं."

"मी वर होतो."

"मला माहीत होतं म्हणून तर घट्ट धरलं होतं. विचार सुबोधला, रतनचाही भार मीच..."

"तेच सांगतोय सुबोध," निहार म्हणाला. तो चिडून बोलत नव्हता, हळू बोलत होता. "गेल्या वर्षी रतनदादाच्या पायात जोर नव्हता म्हणून मी पडलो. आज तुझ्या पायात जोर आहे म्हणून पडणार होतो."

जयवंतकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. बेचाळीस ते साडेपस्तीस, उपासाचे शेंगदाणे, काकूने जिन्यात परत पाठवलेली शहाळी. त्यातलं एकही आता सांगता येत नव्हतं. त्याने सोडलं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण ते गेल्या वर्षीही त्याला पक्कं ठाऊक होतंच, आणि आताही ते एकट्या त्यालाच ठाऊक होतं. जानकीकाकू आली, निहारचा दंड धरला आणि जयवंतकडे न बघता त्याला घेऊन गेली.

"खाली दोन जागा रिकाम्या झाल्या," प्रीतम म्हणाला. कोणी विचारलं नाही की दुसरी कोणाची. सुबोधने बाहेरून टेकू देणाऱ्यांतले दोघे पुढे बोलावले. एक ऐंशी किलोचा होता, दुसऱ्याला बऱ्यापैकी ढेरी होती. कोणी टेप काढली नाही. नवा गोल झाला, शिट्टी वाजली.

थोड्या वेळाने भंगारवाल्याचा माणूस काटा न्यायला आला. मैदानाच्या मातीत चाकं रुतली होती, एकट्याने हलेना. त्याने मदतीला आजूबाजूला पाहिलं, तर हात मोकळे असलेला एकच माणूस होता, चांगला दणकट. जयवंतने खांदा लावला आणि काटा एका दमात फाटकाबाहेर काढून दिला.