पहिली चुळबूळ

लोसालिनेला पुन्हा दिवस गेलेत, हे वावाउ बेटावरच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्यासमोर तो विषय कुणी काढत नव्हतं. याआधी दोनदा असं झालं होतं. दोन्ही वेळा पोटात काही हलायच्या आतच सारं संपलं. दुसऱ्या खेपेला तर बायकांनी बाळासाठी चटई विणायला घेतली होती. ती अर्धी राहिलेली चटई मग कुणीतरी गुपचूप उचलून नेली. म्हणून यावेळी तिला काय खावंसं वाटतंय, हेही कुणी विचारलं नाही.

नवरा, हेआमासी, फळं तोडायच्या हंगामासाठी ऑस्ट्रेलियात गेला होता. फोनवर तो डुकरांची चौकशी करायचा, रग्बीचं सांगायचा आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, "बरी आहेस ना?"

"बरी आहे," ती म्हणायची. त्याच्यापुढे दोघंही जात नसत.

घरात सोबतीला होती हेआमासीची थोरली बहीण, कालोलाइने. तिथल्या रीतीप्रमाणे भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा, आणि कालोलाइनेचा तर बाहेरही शेवटचाच. पन्नाशी उलटलेली, बिनलग्नाची, उंचपुरी बाई. चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांची ती म्होरकी. तिने भुवई उचलली की पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आवरतं घ्यायचे. लोसालिनेला दिवस गेल्याचं कळताच तिने फर्मान काढलं होतं, "बादली उचलायची नाही, ओल्या खडकांवर जायचं नाही. आणि धडपडायचंच असेल तर आधी मला विचारून धडपड."

लोसालिने तिला मनातून घाबरायची.

पाचवा महिना सरत आला तरी पोटात काही जाणवेना. दवाखान्यातल्या नर्सने ठोके ऐकवले होते. "वार पुढच्या बाजूला आहे तुझी," ती म्हणाली होती. "बाळ लाथा मारतंय, पण त्या उशीवर बसतात म्हण ना. तुला उशिरा कळेल, एवढंच." लोसालिने मान हलवून घरी आली. ठोके यंत्रातून आले होते. तिला स्वतःच्या आतून काहीतरी यायला हवं होतं.

त्या दिवशी सकाळी बायका सालीचं कापड कुटायला बसल्या होत्या. तुतीची भिजवलेली साल ओंडक्यावर पसरायची आणि लाकडी मोगरीने कुटत कुटत रुंद करायची. एकाच लांब ओंडक्याला पाच-सहाजणी बसल्या की ठोक्यांची लय धरते, आणि ती सगळ्या गावाला ऐकू जाते. बसून करायचं काम म्हणून कालोलाइनेने लोसालिनेला परवानगी दिली होती, पण हलकी मोगरी हातात देऊन आणि अगदी शेजारी बसवून.

मध्येच लोसालिनेचा हात थांबला. ओटीपोटात, डावीकडे खाली, काहीतरी झालं होतं.

"काय गं?" समोरून पिसिलाने विचारलं. पाच लेकरांची आई ती, तोंडाने फटकळ. "चेहरा का असा?"

"काही नाही. ओंडक्याचे हादरे बसतायत."

"अगं, रात्रीचं अळू असेल! नारळाचं दूध ओतलंस ना वाटीवर वाटी? येऊ दे बाहेर, आम्ही कुणाला सांगत नाही!"

बायका खदखदून हसल्या. लोसालिनेही हसली, पण मोगरी उचलेना. कालोलाइने तिच्याकडे बघत होती.

"थांबा सगळ्या," कालोलाइने म्हणाली.

मोगऱ्या थांबल्या. एवढं शांत झालं की पलीकडच्या घरातली म्हातारी दारात आली, काय झालं म्हणून पाहायला. लोसालिने डोळे मिटून बसली. बराच वेळ काहीच नाही. तिला शरम वाटू लागली, की आपल्यापायी सगळ्यांचा खोळंबा. आणि मग पुन्हा झालं.

"वन्सं," ती पुटपुटली, "मला कळत नाहीये. खरंच आहे की माझंच मन?"

कालोलाइनेने पोटावर हात ठेवला. सगळ्यांच्या नजरा त्या हातावर.

"माझ्या हाताला काही लागत नाही," ती म्हणाली. "उगाच खोटं कशाला सांगू? कसं होतंय ते तू सांग."

"फुलपाखरासारखं म्हणतात ना सगळ्या... तसं नाहीये."

"फुलपाखरू नसतंच मुळी." कालोलाइनेने हात काढला नाही. "आपण चटईवर निजलेलो असतो आणि कुणीतरी हलकेच तिचं टोक ओढतं, तसं असतं. एकदा ओढतं नि सोडून देतं. पोटातला वारा गुडगुडत पुढे सरकतो. हे सरकत नाही, त्याच जागी राहतं. तसंच होतंय का?"

लोसालिनेने डोळे उघडले. "अगदी तसंच. पण तुम्हाला कसं..."

"मला होता एक. तुझ्या वयाची होते तेव्हा. सहाव्यात गेला." कालोलाइनेचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "बापाचं नाव तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. पण तो माझ्यात हलला होता. ते काही मी विसरले नाही."

जिच्या भुवईला गाव घाबरायचं, तिने एवढी वर्षं पोटात ठेवलेलं असं भर उजेडात, बायकांच्या घोळक्यात काढून ठेवलं होतं. तेही आपलं दुःख हलकं करायला नाही, समोरच्या मुलीची शंका फिटावी म्हणून. लोसालिनेला वाटलं, एवढं धाडस आपल्याला जन्मात जमणार नाही. तिने पोटावरचा तो रुंद, खरबरीत हात आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पिसिला नाक पुसत म्हणाली, "मग अळू नव्हतं म्हणायचं."

"तुझ्या डोक्यात आहे ते अळू," कालोलाइने म्हणाली. "कुटा आता, साल वाळतेय."

मोगऱ्या पुन्हा सुरू झाल्या, आधी अडखळत, मग लयीत. लोसालिनेने मात्र हेआमासीला फोन लावला. फोनच्या पलीकडे, फळबागेत, कुणीतरी ट्रॅक्टर चालवत होतं. "बरी आहेस ना?" त्याने घाबरून विचारलं, या वेळेला तिचा फोन कधी येत नसे.

"हललं," ती म्हणाली. "ऐकतोयस का? हललं!"

तिकडे ट्रॅक्टरचाच आवाज येत राहिला. मग तो रडतोय हे तिच्या लक्षात आलं.

गावात दोन-चार दिवस कुजबुज झाली. रविवारी चर्चमध्ये कालोलाइने नेहमीसारखी पांढऱ्या कपड्यांत, ताठ मानेने पहिल्या रांगेत उभी राहिली. लोसालिने आजवर मागच्या बाकावर बसायची. त्या दिवशी ती सगळ्यांच्या देखत पुढे गेली आणि नणंदेला खेटून उभी राहिली. मागोमाग पिसिला आली, मग ओंडक्यावरच्या बाकीच्या बायका. कालोलाइनेने कुणाकडे पाहिलं नाही, फक्त सूर दिला.

थंडीच्या दिवसांत लोसालिनेला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. हंगाम संपवून बाप परतला तेव्हा ती आत्याच्या मांडीवर झोपली होती, आणि उठवायची कुणाला परवानगी नव्हती.