वाळूतला खड्डा

मित्रांनो, चार फळ्यांची चौकट आणि आत आठ घमेली वाळू, एवढाच माझा पसारा. मी एक जुना वाळूचा नकाशा आहे. जवानांना शिकवायचं कंत्राट एका खासगी कंपनीने घेतलं आणि फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार बद्रीनाथांना उस्ताद म्हणून नेमलं. त्यांनीच मला वाटूरजवळच्या शिबिरात बनवलं. ते रोज शिवार पायी फिरत आणि परतल्यावर माझ्यावर बोटांनी ओढे काढत, काड्यापेट्यांची घरं मांडत. जवान माझ्याभोवती उकिडवे बसत. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग कंपनीने शौनक नावाचा इंजिनिअर आणि शिवाराचा नकाशा दाखवणारा भिंतीएवढा पडदा आणला. जवान तिकडे पळाले. माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. एकटा धर्मराज नावाचा जवान तेवढा वाळू वाळू नये म्हणून पाणी शिंपडायचा. मी जळून खाक झालो, मित्रांनो! उस्तादही धुसफुसत, "निस्ता सिनेमा चालू हाय."

एके सकाळी शेळ्या राखणाऱ्या गोजरबाईंनी उस्तादांना सांगितलं, "सुभेदार, तुरीच्या रानात नवी हीर खोदून राह्यलेत. कठडा बिलकुल न्हाई."

उस्तादांनी माझ्यात त्या जागी खड्डा केला. पडद्यावर विहीर नव्हतीच. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता होऊ दे त्याची फजिती!

"इचारायला येईल तवा सांगू," असं पुटपुटत उस्तादांनी माझ्यावर फडकं टाकलं. शौनक विचारायला आला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या सरावात धर्मराज पडद्यावरची वाट पाठ करून उभ्या तुरीतून धावला आणि थेट विहिरीत कोसळला. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं.

शौनक धावत आला. त्याने फडकं उचललं आणि खड्ड्याकडे बघतच राहिला.

"उस्ताद, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. कालच कळाल्तं," उस्ताद खाली मान घालून म्हणाले. "जळत व्हतो मी तुमच्यावर."

त्याच दुपारी त्यांनी कंपनीच्या साहेबांपुढे सगळं कबूल केलं आणि नोकरी सोडली. मी कोपऱ्यात पडून आहे. पडद्याचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आता मी म्हणायला हवं. पण तो खड्डा आम्ही फार नीट जपला होता. तुम्ही मात्र ठाऊक असलेलं वेळेवर सांगा, ज्याच्यावर जळता त्याला आधी.