डिंपलच्या हातची मोहरी

मोहरी वाटायची तर हातात राग पाहिजे. माह्या सासूनं मले हेच शिकवलं. दाणे पाट्यावर घ्यायचे, थोडं पाणी शिंपडायचं, अन् ज्याच्यावर राग असन त्याले आठवून वरवंटा रगडायचा. मी सासूलेच आठवायची. माही मोहरी अशी चढे का माणसं नाक धरून परत रायतं मागत.

आता माहं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर काळा चष्मा आला. म्हणून पाटा गेला सुनेकडे, डिंपलकडे. अन् त्या पोरीले रागच येत नाही, बाप्पा! लग्नाले वरीस झालं, काहीही म्हणा, "हो आई." दुसऱ्याच्या घरी पाहुणी बसते तशी अंग चोरून राह्यते. मले त्याचाच घोर. रायतं पचपचीत झालं तर एक वेळ चालन, पण पोरगी आपली झालीच नाही तर?

त्या दिवशी काकडीच्या रायत्यासाठी तिनं मोहरी वाटली. म्या वाटी नाकाजवळ नेली, तर काहीच नाही.

म्हटलं, आज पोरीले पेटवतोच. "सकाळी चहा लय फिका केला व तू."

"हो आई."

"तुह्या माहेरी उंद्रीले बाया मोहरी वाटतात का गोंजारतात?"

"हो आई," म्हणून हसली.

"आमच्या ऋत्विकनं तुह्यात काय पाह्यलं, देव जाणे!"

"मलेही समजलं नाही अजून, आई."

हात टेकले म्या. "सरक तिकडं, मीच वाटतो," म्हणून चष्मा काढला अन् पाट्यावर वाकली.

"चष्मा घाला!"

एवढा मोठा आवाज कोणाचा म्हणून मागं पाह्यलं. डिंपलच होती.

"डॉक्टरनं वाकू नका म्हटलं, तिखटाजवळ जाऊ नका म्हटलं, अन् तुम्ही डोळा घालवाले निघाल्या! काही समजते का तुमाले? उठा! माह्या पाट्याले हात लावू नका!"

मले धरून उठवलं, डोळ्यावर चष्मा चढवला, दारापाशी नेऊन बसवलं. मंग नवी मोहरी घेऊन वरवंटा असा रगडला का पाटा हालून राह्यला. तोंड चालूच होतं. वरीसभराचं सगळं निघालं, चहाचंही.

अंगणात आमचे हे शिंकले. परत शिंकले. "मंजुळा, आज तूच वाटून राह्यली काय व?"

म्या सुनेकडे बोट दाखवलं. चष्म्याखालून पाणी गळत होतं. थोडं मोहरीनं, बाकी आनंदानं.

"गेली न डोळ्यात?" डिंपल ओरडली. "अजून लांब बसा!"

"हो बाई," म्हटलं, अन् गुमान लांब सरकली.