ओठ हलले म्हणून

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. माझं वय ओळखायचं असेल तर मला पालथा करून बघा. सुलटा धरलात तर तुम्हाला तुमचंच वय दिसेल.

सावंतवाडीच्या एका सुतारानं मला लाकडी चौकट दिली आणि पाठीवर पानं रंगवली. त्यातली निम्मी आता उडाली आहेत. चिपळूणच्या दमयंतीबाईंनी मला विकत घेतलं. रोज सकाळी मला खिडकीत टेकवून त्या लेकीची, स्वरूपाची, वेणी घालत. एका वेणीला एक पाढा, असा त्यांचा नेम होता. पाढा चुकला की केस ओढले जात. सोळाच्या पाढ्याला स्वरूपा फार रडली आणि म्हणूनच तो तिच्या डोक्यात पक्का बसला.

लग्नानंतर तिनं मला टोकियोला, ओजिमाच्या सातव्या मजल्यावरच्या घरात आणलं. तिथं आठ वर्षं मी खणात पडून होतो. माझ्या अंगावर कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा याचा तक्ता होता. त्यात माझाही वार लिहिलेला असेल, अशी मला धास्ती वाटे.

स्वरूपाकडे फक्त डिप्लोमा होता आणि पदवीवाचून इथं नोकरीचं घोडं अडत होतं. शेवटी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात तिनं घरबसल्या संगणकशास्त्राच्या पदवीसाठी नाव घातलं. परीक्षा कॅमेऱ्यासमोर द्यायची. खोलीत दुसरं कुणी नको, टेबल मोकळं हवं आणि लॅपटॉपच्या कडांना काही चिकटवलेलं नाही हे दाखवायला हातात आरसा हवा. असे माझे दिवस पालटले. प्रत्येक परीक्षेला मी लॅपटॉपभोवती फिरे आणि पलीकडचे निरीक्षक "थँक यू" म्हणत. ते मलाच म्हणतात, असं मी धरून चाललो होतो.

डिसेंबरात शेवटचा पेपर होता. सकाळी नवरा जयेश ऑफिसला आणि दुसरीतली लेक ईश्वरी शाळेत गेल्यावर स्वरूपा बसली. तपासणी झाल्यावर तिनं मला समोरच्या फळीवर टेकवलं. संगणकात सोळाच्या पटीत मोजायची एक रीत असते, त्याचीच गणितं आली. तिचे ओठ आपोआप हलू लागले. "सोळा सक शहाण्णव, सोळा साते बारोत्तरसे." तिला त्याचं भानही नव्हतं. मला मात्र चिपळूणची खिडकी आठवली आणि आनंद झाला. माझी अक्कल तेवढीच.

आठवड्यानं कॉलेजचं पत्र आलं. परीक्षार्थी परक्या भाषेत कुणाशी तरी बोलत होती, म्हणून निकाल रोखला होता.

"सॉरी म्हण आणि मोकळी हो," जयेश म्हणाला. "सेमिस्टर रिपीट करता येईल."

"सॉरी म्हटलं म्हणजे कॉपी केली असंच होईल ना? आणि त्सुकुबा शहरातली ती कंपनी माझ्या पदवीसाठी एप्रिलपर्यंतच थांबणार आहे. आपणहून मिळवलेली माझी पहिली नोकरी आहे ती, जयेश."

चौकशीला पडद्यावर तिघे जण होते. तिनं त्यांना अख्खा पाढा म्हणून दाखवला, अर्थ सांगितला. ते सभ्यपणे ऐकत राहिले. फेरपरीक्षा मिळाली, पण अट अशी, की ओठ हलता कामा नयेत.

मग महिनाभर ती माझ्यासमोर बसून तोंड मिटून गणितं करत होती. ओठ मिटले की पाढा अडे. सोळा साते तिला आठवेचना. ती कागदावर सोळा सात वेळा लिहून बेरीज करायची, तेव्हा कुठे एकशे बारा येत. तिचे डोळे भरून यायचे आणि मी ते तिलाच दाखवत राहायचो. तेव्हा मला माझीच चीड आली.

फेब्रुवारीत निकाल लागला. ती काठावर पास झाली. पदवी मिळाली, नोकरीही पक्की झाली. जयेशनं केक आणला. घरात पाढे मात्र कुणी म्हणेना.

ईश्वरीच्या शाळेत जपानी पाढे घरी मोठ्यानं म्हणून दाखवायचे आणि कार्डावर आईची सही घ्यायची पद्धत आहे. तिचं कार्ड कोरंच होतं. ती माझ्यासमोर बसून ओठ घट्ट मिटून पाढे पाठ करत होती.

"मोठ्यानं म्हण ना, ईश्वरी," स्वरूपा म्हणाली.

ती नेहमीप्रमाणे जपानीत उत्तरली. ओठ हलवले तर पकडतात, असं तिचं म्हणणं होतं.

स्वरूपानं मला खिडकीत टेकवलं, कंगवा घेतला आणि लेकीला पुढ्यात बसवलं. "सोळा एके सोळा," ती म्हणाली. शहाण्णवपर्यंत ठीक गेलं. सातावर तिचे ओठ सवयीनं मिटले. ईश्वरी माझ्यातून तिच्याकडे बघत थांबली.

"बारोत्तरसे," स्वरूपा म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या घराची खिडकी उघडली.

मित्रांनो, मला अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसलंत तरी मी खूश आहे. पण त्या परीक्षेच्या दिवशी खोलीत एकटा साक्षीदार मी होतो आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे. खरं पाहिलं असेल, तर ते मिटून ठेवू नका.