काठोकाठ

आईच्या घड्याळाची तबकडी तिने मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवली, म्हणजे सेकंदकाटा दिसायला नको. पट्ट्याला एक जादा भोक होतं, कंपासपेटीतल्या कर्कटकाने पाडलेलं – आईचं मनगट शेवटी शेवटी इतकं बारीक झालं होतं की... आता तिच्या मनगटावर ते भोक नुसतंच रिकामं राही. टेबलावर काचेचा पेला, पाण्याने काठोकाठ भरलेला. दरवर्षी ती या प्रयोगाला अर्धा पेला पाणी घेई. आज नळाखाली हात वेळेवर थांबलाच नाही. शेजारी साखरेची वाटी. आणि शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे, गुडघे मावत नाहीत म्हणून तिरक्या बसलेल्या.

"मी काही दुष्ट नाही हो," सकाळी त्या ऑफिसात म्हणाल्या होत्या. "पण वर्ग केवढा भरलाय बघा. आणि तुम्ही एका मुलीच्या उत्तरासाठी सगळ्यांना थांबवून ठेवता. पालक माझ्या डोक्यावर येऊन बसतात. तिला कोपऱ्यातल्या खोलीत बसू दे. तिथे तिला कुणी घाई करणार नाही."

"तिथे तिला कुणी काही विचारणारच नाही."

"बरं, आज येते वर्गावर. डोळ्यांनी बघते. मग सोमवारपासून काय ते ठरवू."

कोपऱ्यातल्या खोलीत मागे पडणारी मुलं दिवसभर चित्रं रंगवत. रंगवून झालेलं चित्र पुन्हा रंगवत. तिथून परत वर्गात आलेलं एकही मूल तिला आठवत नव्हतं.

ती मुलगी खिडकीकडच्या बाकावर. वर्गाने तिचं नाव गोगलगाय ठेवलं तेव्हा शिक्षिका म्हणून ही सगळ्यांवर रागावली होती, पण मुलीनेच वहीच्या कव्हरावर शंखासकट गोगलगाय काढून आणली, चांगली ऐटीत. प्रश्न विचारला की गोगलगाय छताकडे बघे, ओठ हलायला लागत, आणि तेवढ्यात कुणीतरी तिच्या वतीने उत्तर देऊन मोकळं होई. मग इतर तासांच्या बाईंचं ठरलेलं – "पुढची!"

पुढची... हा शब्द आईचा. आई तिकिटांच्या खिडकीत बसे, आणि लाह्या फुटाव्यात तशी बोले – सुट्टे काढा, हात आत घालू नका, पुढचा! घरी वाढतानासुद्धा पुढचा! मग तो झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. गेले म्हणजे, बोलायला शिकवायला येणाऱ्या ताई सांगत, गेलेले नाहीत, लांब जाऊन बसलेत, तिथून चालत येतात. तुम्ही थांबा. तिच्या तोंडात शब्द घालू नका. घातलात तर ती भिडेखातर गिळून टाकेल.

दादाला थांबणं जमत नसे. आई एकदा त्याच्याकडे बोट करून "ते... ते..." करायला लागली. "घड्याळ? औषध? फोटो हवाय का, आई?" याची सरबत्ती चालू. ही मात्र आईच्या ओठांकडे बघत राहिली. तो शब्द येताना तिला जवळजवळ दिसत होता, दमत, थांबत, भिंतीला धरून – "पाल!" आणि पाल दादाच्या खांद्यावर. दादाने मारलेली उडी... आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. दादाने एवढं सगळं विचारलं, पाल काही विचारली नसती. शब्द आला तो आईचाच होता.

तिने चिमूटभर साखर पेल्यात सोडली. मग आणखी एक चिमूट. बारीक तारेने हलकेच ढवळलं.

"साखरेचं काय झालं?"

"विरघळलीऽऽ!" सगळा वर्ग एका सुरात. मागे मोठ्या बाईंनी मान डोलावली. इथे धडा संपतो. दरवर्षी इथेच संपे.

गोगलगायीचा हात वर होता. पुरता वर नाही, कोपर बाकावरच.

"बोल, बाळ."

ओठ हलले. छत. पुन्हा ओठ. पहिल्या बाकावरच्या पोराने – याला सगळे रेडिओ म्हणत – दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. गेले काही आठवडे त्याला हेच शिकवायचं चाललं होतं, आणि त्याचे डोळे नुसते बाहेर यायला आले होते. कुणीतरी खुसखुसलं. कुणीतरी "शूऽ" केलं. मग काहीच नाही. एवढी मुलं, एवढे पाय, दप्तरं, पट्ट्या, आणि एकही वाजत नव्हतं... ती शांतता रिकामी नव्हती. तिने अशी शांतता फक्त एकाच खोलीत ऐकली होती, आईच्या खाटेशी. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आता म्हणतील. आता म्हणतील, पुढची. म्हणू देत.

"पेला तर..." गोगलगाय म्हणाली.

थांबली.

"पेला तर... भरलेला होता. मग पाणी... सांडलं... का नाही?"

सगळ्या माना पेल्याकडे वळल्या. तिचीही. पाणी काठाच्या किंचित वर फुगून उभं होतं, थरथरत, आणि टेबल कोरडं होतं. टेबल कोरडं होतं! इतकी वर्षं ती हा धडा शिकवत होती. उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणजे पुस्तकातलं वाक्य ठाऊक होतं. पण पाहिलं कुणी होतं? भरलेल्या पाण्यात जागा होती. सबंध वेळ होती.

"बाई, मी सांगू? मी सांगू?" रेडिओचे हात सुटले.

"तू गप रे, तिचा प्रश्न आहे," मागून कुणीतरी.

"मलाही नीट बघू दे आधी," ती म्हणाली.

तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही. मोठ्या बाई बाकातून कशाबशा सुटल्या, टेबलाशी आल्या, चष्मा कपाळावर सरकवून पेल्यापर्यंत वाकल्या. सोमवारचं त्या काही बोलल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग गोगलगायीला, जरा दरडावल्यासारखं, म्हणाल्या, "ये इकडे. तूच टाक अजून एक चिमूट. हळू."

मुलगी यायला निघाली, तिच्या चालीने.

खिडकीत... आई म्हणाली होती, शेवटच्या दिवशी. एवढंच. मावशी म्हणे, खिडकीत तिला बाबा दिसले असतील. दादा म्हणे, नोकरीची खिडकी आठवली असणार, दुसरं काय. आणि हिने, आई गेल्यापासून रोज काही ना काही घालून पाहिलं होतं – खिडकीत रोप, खिडकीत ऊन, खिडकीत येऊन बस – आणि रोज ते वाक्य भिडेखातर गिळून गप्प झालं होतं.

मुलीने साखर चिमटीत धरली. पुन्हा ती शांतता. खिडकीत... आणि या खेपेला तिने पुढे काहीच घातलं नाही. घड्याळ आतल्या बाजूलाच राहू दिलं, आणि आई बोलत असल्यासारखी ती पाण्याकडे बघत उभी राहिली.